सोडवून आणलेल्या मुलांना साथ देताना: आभाराच्या आधीच्या पायऱ्या

गोव्यात बालगृहाला मदत करायची म्हटलं की बहुतेक मंडळांचा आणि कुटुंबांचा कार्यक्रम ठरलेला असतो. वाढदिवसाचा केक, खाऊची पाकिटं, मुलांनी म्हटलेलं एखादं गाणं, मग ओळीत उभं राहून एका सुरात 'थँक्यू' आणि निघताना ग्रुप फोटो. करणाऱ्यांच्या मनात चांगलंच असतं. पण त्या ओळीत उभं असलेलं एखादं मूल किनाऱ्यावर माळा विकताना सोडवलेलं असतं, एखादं हॉटेलच्या मोरीवर भांडी घासताना, एखादं मडगावच्या फलाटावर एकटं सापडलेलं, तर एखादं घरातल्याच माणसाच्या अत्याचारातून बाहेर काढलेलं. त्याच्याकडून आभार आधी मागितले जातात आणि ज्यातून आभार उगवतात तो भरवसा मागे राहतो.

या मुलांना कृतज्ञता वाटू शकते आणि आशाही धरता येते. मात्र दोन्ही गोष्टी उशिरा येतात आणि त्यांच्या आधी बरंच काम असतं. ते काम कोणत्या क्रमाने करायचं, तेवढंच इथे सांगतो.

## १. मूल नुकतंच तुमच्यासमोर आलं असेल तर

बाजारात, स्टेशनवर, शेजारच्या घरात किंवा बांधकामाच्या जागी एखादं मूल संकटात दिसलं, तर पुढचे काही तास असे घालवा.

१०९८ वर फोन करा. ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालते. धोका समोर असेल तर ११२. कुठे आहात, मूल कोणत्या अवस्थेत आहे, सोबत कोण आहे, एवढं सांगा. मदत पोचेपर्यंत मुलाजवळ थांबा, शक्यतो चार माणसं दिसतील अशा जागी. पाणी द्या. जेवलंय का ते विचारा. स्वतःचं नाव सांगा आणि पुढे काय होणार ते सोप्या शब्दांत सांगा: "मी फोन केलाय. एक ताई येतील. तोवर मी इथंच आहे."

बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे अशा मुलाला २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल कल्याण समितीपुढे हजर करावं लागतं. मूल कुठे राहील हे समिती ठरवते. समितीच्या आदेशाशिवाय त्याला घरी नेऊन ठेवणं, मग ते कितीही मायेने असो, कायद्यात बसत नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'आधी खात्री करून घेऊ' म्हणून थांबायला त्यात जागा नाही.

थांबा: "काय झालं, कोणी केलं, कधीपासून?" हे प्रश्न तुम्ही विचारायचे नाहीत. प्रत्येक नवा माणूस तेच विचारतो आणि मूल प्रत्येक वेळी थोडं वेगळं सांगतं. पुढे बाल न्यायालयात याच फरकांवर बोट ठेवलं जातं. ते आपणहून जे बोलेल ते ऐका आणि नंतर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा.

## २. संस्थेत जाण्याआधीची तयारी

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात, कारण यालाही तयारी लागते असं कोणाला वाटतच नाही.

संस्था नोंदणीकृत आहे का ते बघा. मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची बाल न्याय अधिनियमाखाली नोंदणी असावी लागते. मेरशीचं 'अपना घर' सरकारी आहे. बाकी बऱ्याच संस्था विश्वस्त मंडळं किंवा धर्मसंस्था चालवतात. नोंदणीचा कागद मागायला संकोच करू नका. चांगली संस्था तो लगेच दाखवते आणि उलट तुमचीच चौकशी करते: ओळखपत्र, पोलीस पडताळणी, दोन ओळखीच्या माणसांची नावं. कोणतीही चौकशी न करता थेट मुलांमध्ये सोडणारी संस्था इतरांनाही तसंच सोडत असणार, हे ध्यानात घ्या.

वेळ किती देणार ते आधी ठरवा आणि कमी सांगा. दर शनिवारी दीड तास, निदान सहा महिने. एवढं जमत नसेल तर मुलांना भेटण्याचं काम घेऊ नका. संस्थेला इतर हात हवेच असतात: हिशेब, कोर्टाच्या तारखेला गाडी, दवाखान्यात रांग धरणं, वह्यांना कव्हरं घालणं. त्या कामांना फोटो मिळत नाही, पण अधीक्षकांचा भार हलका होतो आणि पर्यायाने मुलांना मोकळा वेळ देणारं माणूस मिळतं.

भाषेची चौकशी करा. गोव्यात सोडवलेली सगळीच मुलं कोकणी किंवा मराठी बोलणारी नसतात. कोणी कन्नड बोलतं, कोणी लमाणी, तेलुगू, हिंदी, ओडिया, नेपाळी. त्या मुलाच्या भाषेतले सात-आठ शब्द शिकून जा: पाणी, भूक, दुखतंय, नको, पुरे, झोप, आई. 'नको' हा शब्द सर्वांत आधी शिका. तो त्याच्या तोंडून आला की तुम्हाला कळला पाहिजे.

आपल्या मनात काय आहे ते तपासा. नुकताच आपल्यावर आघात झाला असेल, घरात मृत्यू झाला असेल, मूल गमावलं असेल, तर थोडं थांबा. दुःखातून आलेली माणसं या कामात फार चांगली ठरतात, कारण त्यांना घाई नसते. पण आपली पोकळी त्या मुलाने भरावी अशी अपेक्षा घेऊन गेलात, तर सांभाळायचं काम त्याच्याकडे जातं. झोप येत नसेल, मन जड असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर आधी स्वतःसाठी बोला.

तपासा, मगच पुढे जा: नोंदणी पाहिली का? संस्थेने लेखी परवानगी दिली का? फोन बाहेर ठेवायची तयारी आहे का? सहा महिन्यांच्या तारखा घरच्यांना सांगितल्या का?

## ३. पहिल्या भेटी: काहीही न विचारता

पहिल्या चार-पाच भेटींत ओळखीच्या माणसाचं एक ठरलेलं येणं-जाणं तयार करायचं, बस. त्याच वारी, त्याच वेळी या. त्याच जागी बसा. निघायच्या आधी पुढची तारीख सांगा आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मुलालाच तिथे खूण करू द्या. ज्या मुलाच्या आयुष्यात मोठ्यांनी काहीही कधीही केलं, त्याला शनिवारी चार वाजता चार वाजताच दार वाजणं फार मोठं असतं. पावसात बस चुकली, उशीर होतोय, तर संस्थेत फोन करून निरोप द्या. तो निरोप मुलापर्यंत पोचला का, हे पुढच्या वेळी विचारा.

समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी बसून हातांनी करायचं काम निवडा. झाडांना पाणी, शेंगा सोलणं, कॅरम, माती, सायकलची साखळी बसवणं. नजर कामावर असली की मुलं मोकळी होतात. खोलीचं दार उघडं ठेवा आणि आणखी एखादं मोठं माणूस दिसेल असं बसा. हा नियम मुलाच्या सुरक्षिततेचा आहे आणि तुमच्याही.

स्पर्श त्याने केला तर घ्या, तुम्ही सुरुवात करू नका. डोक्यावरून हात फिरवणं आपल्याकडे मायेचं समजतात, पण मागून आलेला हात काही मुलांना मारासारखा वाटतो.

बोलताना ही वाक्यं टाळा: "किती नशीबवान आहेस, इथे आलास." "देवाचे आभार मान." "आता सगळं विसरून जा." "रडायचं नाही, शहाणी ना तू?" पहिली दोन त्याच्यावर ऋण चढवतात आणि उरलेली दोन त्याला गप्प करतात. त्यांच्या जागी साधं बोला. "आज ऊन फार आहे." "तू हे कसं केलंस, मला दाखव." "नको असेल तर नको म्हण."

आईवडिलांबद्दल वाईट बोलू नका. ज्यांनी मारलं त्यांचीच आठवण काढून मूल रात्री रडतं, ज्याने राबवलं त्या मालकाच्या लहान बाळाची आठवण काढतं. हे विचित्र नाही. त्या घरात त्याचं जे काही थोडं होतं, तेही सुटलेलं असतं.

थांबा: फोटो नाही. पाठमोराही नाही, चेहरा झाकलेलाही नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल अशी कोणतीही गोष्ट उघड करणं गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. व्हॉट्सॲपचा गट त्यातून सुटत नाही.

## ४. भरवसा तपासला जातो तेव्हा

महिना-दोन महिन्यांनी गोड वागणारं मूल अचानक बदलतं. तुमची वही फाडतं, शिवी देतं, तुम्ही आलात की खोलीतून बाहेरच येत नाही. लोक इथे दुखावतात: 'एवढं केलं, तरी जाण नाही.' खरं तर इथवर तुम्ही पोचलात ही चांगली खूण आहे. हे माणूसही जातं की राहतं, हे ते बघत असतं. तुम्ही त्याच आवाजात, त्याच वेळी येत राहा. "वही फाटली, मला वाईट वाटलं. शनिवारी मी येणार आहे." एवढं पुरे.

आणखी काही गोष्टी दिसतील. उशीखाली पाव दडवून ठेवणं. ज्याने उपास काढले त्याचं ते शहाणपण असतं, त्याला चोरी म्हणू नका. त्याच्या हाताला येईल अशा डब्यात थोडा खाऊ कायम ठेवता येईल का, हे संस्थेत मुलांना सांभाळणाऱ्या मावशींशी बोला. अंथरूण ओलं होणं. त्यावर सगळ्यांसमोर एक शब्दही नको. अनोळखी पाहुण्याच्या गळ्यात पडणं. पाहुणे याला 'किती लाघवी' म्हणतात, पण हे मूल कोणावरही सहज भरवसा टाकेल असं आहे, म्हणून त्याला जास्त जपावं लागतं. आणि अगदी शांत, आज्ञाधारक, सगळ्यांचं ऐकणारं मूल. त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, म्हणून काउन्सिलरला त्याच्याबद्दल मुद्दाम विचारा.

एखाद्या दिवशी मूल आपणहून काही सांगेल. तेव्हा क्रम असा:

हातातलं काम थांबवा, पण चेहरा स्थिर ठेवा. ऐका. "कोणाला सांगू नको हां" म्हटलं तर "नाही सांगणार" असं वचन देऊ नका. म्हणा, "तुला सुरक्षित ठेवायला मला एका माणसाला सांगावं लागेल. कोणाला ते आपण दोघं बघू." "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी चूक नाही," हे स्पष्ट सांगा. तपशील खोदू नका. त्याच दिवशी अधीक्षकांना कळवा आणि तारीख, वेळ घालून त्याचे शब्द लिहून द्या. ज्याच्याबद्दल सांगितलं तो माणूस संस्थेतलाच असेल तर थेट १०९८ किंवा बाल कल्याण समिती.

तपासा: सांगितल्यानंतरच्या शनिवारी तुम्ही गेलात का? मुलं मन मोकळं केल्यावर लाजतात आणि आता हे माणूस येणार नाही असं धरून चालतात. ती भेट कोणत्याही कारणाने चुकवू नका.

## ५. सणांचे दिवस वेगळे धरा

सणाला मुलं खूष असतील असं आपण धरून चालतो, पण गोव्यातल्या संस्थांत हेच दिवस सर्वांत अवघड जातात.

चवथीला शाळा बंद, कर्मचारी आपापल्या गावी, ज्यांना घर आहे ती मुलं घरी. उरलेल्यांना उरल्याचं कळतं. सगळे चतुर्थीच्या दिवशी मोदक घेऊन येतात आणि नंतरचे रिकामे दिवस तसेच जातात. तुम्ही तिसऱ्या-चौथ्या दिवशी जा. त्याआधी माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीची, तयारी मुलांकडे सोपवता येते: आंबाडे, सुपारीचे घोस, नारळ, रानातली फळं गोळा करून बांधणं. ज्याला कोणी काही करायला दिलं नव्हतं, त्याच्या हातून घरच्या गणपतीवर माटोळी चढते, त्याचं समाधान खाऊच्या पाकिटात नसतं. अर्थात मूल वेगळ्या धर्माचं असेल किंवा त्याला नको असेल, तर आग्रह नाही.

दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या पुतळ्यांपुढचे ढोल, मोठ्या आवाजातली गाणी, पहाटे पुतळे जाळायची आग. मार, आरडाओरड किंवा आग पाहिलेल्या मुलाला ही रात्र जड जाते. दिवसाउजेडी त्याला नरकासुर बांधताना नेऊन दाखवा, गवत आणि कागद हाताला लागू द्या. रात्री काय होणार, किती वाजता संपणार ते सांगा. कोणत्या खोलीत झोपायचं ते त्याला निवडू द्या, आणि रात्रभर एक मोठं माणूस जागं राहील असं मावशींशी ठरवून ठेवा.

राखी आणि भाऊबीज जपून. हौसेने आलेले पाहुणे एका दुपारी पंचवीस मुलींचे 'भाऊ' होतात आणि पुढच्या वर्षी येत नाहीत. जे नातं निभावणार नाही ते बांधून घेऊ नका.

## ६. कृतज्ञता मागायची नाही, तिला जागा करायची

इथवर यायला निदान तीन-चार महिने जातात. त्याआधी हा टप्पा घेतला तर मूल तोंडदेखले आभार मानायला शिकतं, आणि मोठ्यांना खूष ठेवणं तर त्याला आधीच चांगलं येत असतं. छळणाऱ्यांनी तेच शिकवलेलं असतं.

सुरुवात तुम्ही करा. मुलाचे आभार माना, खऱ्या आणि नेमक्या गोष्टीसाठी. "तू बादल्या भरून ठेवल्यास, म्हणून आज झाडांचं काम लवकर उरकलं." 'गुड बॉय'ने हे साधत नाही. आपल्या असण्याने कोणाचं काही बरं झालं, हा अनुभव आधी त्याला यावा लागतो.

मग भेट संपताना एक प्रश्न, तोही तुम्ही आधी उत्तर देऊन: "मला आज बरं वाटलं ते पावसाचं. तुला?" "काहीच नाही" हे पूर्ण उत्तर माना आणि पुढे काही बोलू नका. काही आठवडे 'काहीच नाही' येतं. मग एक दिवस येतं, "गरम उंडो," म्हणजे गोव्यातला गोल पाव. त्यावर प्रवचन नको. "हो, पोदेराचा पाव सकाळी छान असतो," एवढंच.

२००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आठवड्यातून एकदा किंवा रोज कृतज्ञता वाटणाऱ्या गोष्टी लिहिणाऱ्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या लोकांना आपलं आयुष्य एकूण बरं वाटू लागलं होतं. त्यावरून हल्ली शाळाशाळांत 'आभाराची वही' निघाली आहे. पण त्या प्रयोगात कॉलेजचे विद्यार्थी आणि मोठी माणसं होती, आणि काय लिहायचं हे ज्याचं त्याने ठरवलं होतं. दहा वर्षांच्या मुलीला रोज तीन ओळी लिहायला लावून त्या तपासणं ही वेगळीच गोष्ट झाली. वही द्यायची तर कुलपाच्या कप्प्यात ठेवायला द्या आणि कधीही वाचायला मागू नका.

शेवटची पायरी देण्याची. मुलाला कोणाला तरी काही द्यायचं असतं. कोणाला, हे त्यालाच ठरवू द्या. ते बहुधा देणगीदाराला निवडत नाही. स्वयंपाकाच्या मावशी, शाळेच्या बालरथाचा (बसचा) चालक, संस्थेतलं एखादं धाकटं मूल, असं कोणी निवडतं. चित्र, शेंगदाण्याचा लाडू, पेन्सिलीचा तुकडा. तुमचं नाव त्यात आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका.

थांबा: ज्या गोष्टी मुलाचा हक्क आहेत, म्हणजे जेवण, कपडे, शाळा, औषध, त्यांच्यासाठी आभार मानायला लावू नका.

## ७. आशा: एक लहान गोष्ट आणि तिच्या दोन वाटा

"तू डॉक्टर होशील" या वाक्याने आशा मिळत नाही. चार्ल्स स्नायडर या मानसशास्त्रज्ञाने आशेची मांडणी तीन भागांत केली होती: काय हवं ते, तिथे जायच्या वाटा, आणि 'मला हे जमेल' ही धमक. कामाला ही मांडणी फार उपयोगी पडते.

समजा मूल म्हणालं, "मला कदंब बस चालवायचीय." हसू नका, मोठं स्वप्नही करू नका. या महिन्यात काय करता येईल ते बघा: बसवरच्या पाट्या वाचणं. पणजी, म्हापसा, फोंडा, वास्को, देवनागरीत आणि रोमीत. दर शनिवारी दोन पाट्या. दुसरी वाट आत्ताच ठरवून ठेवा: 'मी आलो नाही किंवा परीक्षा असली, तर कोणाकडून शिकशील?' वाट बंद झाली की सगळं संपलं, असं या मुलांना फार लवकर वाटतं. दुसरी वाट आधीच कागदावर असली तर तो दिवस निभतो.

वेळ लहान धरा. आठवडा, फार तर महिना. जमलं की ते कसं जमलं हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या, कारण त्यातून धमक येते.

आणि जे तुमच्या हातात नाही त्याचं वचन देऊ नका: घरी कधी जाणार, कोर्टात काय होणार, भाऊ कधी भेटणार. "मला माहीत नाही, पण ज्यांना माहीत आहे त्यांना आपण विचारू," हे उत्तर मुलं पेलतात. बाल कल्याण समिती मुलाला त्याच्या मूळ राज्यात पाठवू शकते, तेही थोड्या दिवसांच्या सूचनेवर. म्हणून पाट्यांची वही, चित्रं, शाळेचे कागद हे सगळं मुलाच्याच पिशवीत राहू द्या.

## ८. पैसा आणि वस्तू

हे थोडक्यात. संस्थेची यादी मागा आणि यादीतलंच द्या. पावसाळ्यात लवकर वाळणाऱ्या चादरी, रेनकोट, सॅनिटरी पॅड, चष्मे, शिकवणीची फी. वापरलेले कपडे फक्त मागितले तर. प्रत्येक मुलाला स्वतःचा कप्पा आणि किल्ली मिळेल अशी देणगी मला सर्वांत मोलाची वाटते.

दरमहा रक्कम द्यायची असेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात प्रायोजकत्वाबद्दल विचारा. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत एका मुलामागे महिन्याला ४००० रुपये मिळतात, म्हणजे गरिबीमुळे मूल पुन्हा घराबाहेर पडत नाही. मूल काही काळ आपल्या घरी सांभाळायचं असेल तर संगोपनाचा अर्जही तिथेच. दत्तक मात्र फक्त केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून. संस्थेत आवडलेलं मूल 'आम्हाला द्या' म्हणून मागता येत नाही आणि मुलासमोर तसं बोलूही नये.

## ९. निरोप

सहा महिने झाले, बदली झाली, लग्न ठरलं, कारण काहीही असो. अचानक जाऊ नका. निदान चार भेटी आधी सांगा आणि दिनदर्शिकेवर शेवटच्या दिवसाची खूण करा. "येत राहीन" हे वाक्य, येणार नसाल तर, उच्चारू नका. मूल रागावलं, शेवटच्या दिवशी आलंच नाही, तरी ठरलेल्या जागी ठरलेला वेळ बसा. पत्र लिहायचं असेल तर संस्थेमार्फत. स्वतःचा फोन नंबर मुलाला देऊ नका.

मूल अठराच्या जवळ आलं असेल तर निरोपाआधी अधीक्षकांसोबत त्याच्या कागदांवरून एकदा हात फिरवा: आधार, जन्माचा किंवा वयाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, त्याच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं. अठरानंतर संस्था सुटते, पण कलम ४६ प्रमाणे पुढच्या मदतीची तरतूद आहे आणि मिशन वात्सल्यात ती साधारण २१ वर्षांपर्यंत चालते. त्यासाठीचा अर्ज संस्था सुटायच्या आधी झालेला असावा. बाहेर पडल्यावर भाड्याची खोली शोधत असताना या कागदांमागे धावायला कोणाला वेळ उरत नाही.